कोसंबरीखालचा कागद

रामनवमीच्या मंडपात कुणी गाणं ऐकायला जातं, कुणी पानक प्यायला जातं. आमचे किट्टण्णा द्रोण वाटायला जात. दानधर्म म्हणून नव्हे हं! किट्टण्णा फुकट काही देतील असं ज्याला वाटतं, त्यानं किट्टण्णांना पाहिलेलंच नाही.

त्याचं असं आहे. आमच्या बेंगळुरात रामनवमीला ठिकठिकाणी मंडप पडतात, रोज संध्याकाळी गाणं असतं आणि गाणं संपलं की गुळाचं पानक आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी वाटतात. पानकाला पेला मिळतो, कोसंबरीला काहीच मिळत नाही. मग लोक काय करतात, तर कार्यक्रमाचं जे हँडबिल हातात असतं, ज्यानं तोवर दोन तास वारा घेतलेला असतो, त्याचाच खोलगट पुडा करतात आणि पुढे धरतात. खाऊन झालं की कागद खुर्चीखाली. मी तेच करत आलेय. माझ्या सासूबाईंनीही जन्मभर तेच केलं. पण किट्टण्णा पळसाच्या पानांचे द्रोण पिशवीत भरून रांगेच्या तोंडाशी उभे राहायचे आणि येईल त्याला अडवायचे, "सार, हा द्रोण घ्या, तो कागद इकडे द्या."

बहुतेक लोक देऊन टाकत. वाद कोण घालणार? पण एकदा एका जाडजूड गृहस्थाच्या कागदात कोसंबरी आधीच पडली होती. किट्टण्णांनी ती सरळ द्रोणात उपडी केली. निम्मी द्रोणात, निम्मी गृहस्थाच्या इस्त्रीच्या पँटवर.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?"

"कोसंबरी उद्या परत मिळेल," किट्टण्णा कागदावरची डाळ टिचकीनं उडवत म्हणाले, "आजचा कागद उद्या मिळणार आहे का?"

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईनं रामाच्या तसबिरीकडे बघायला लागले. असल्या वेळी शेजारधर्म बाजूला ठेवायचा असतो.

हे किट्टण्णा म्हणजे कृष्णराव. राजाजीनगरात आमच्या भिंतीला लागून त्यांची भिंत. आमच्यासारखेच तीन-चार पिढ्यांपासून इथं मुरलेले मराठी. घरात मराठी, दारात कन्नड आणि देवासमोर जे सुचेल ते. एका सरकारी ऑफिसात रेकॉर्ड रूमला त्यांनी पस्तीस वर्षं काढली. तिथून पेन्शन घेऊन बाहेर पडले, पण रेकॉर्ड रूम काही त्यांच्यातून बाहेर पडली नाही. कुठलीही गोष्ट सांगा, त्यांचा पहिला प्रश्न, "कागद कुठंय?" मी म्हटलं, काल बाजारात भेंडी फार महाग होती. "कागद?" माझ्या थोरलीला मुलगी झाली म्हणून पेढे घेऊन गेले, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "अभिनंदन. दाखला काढलात का?"

आणि या माणसाला छंद कसला, तर व्हायोलिनचा. थांबा, वाजवायचा नव्हे. घरात व्हायोलिन एकही नाही. किट्टण्णांना गाण्याचा कानही नाही. आरती म्हणायला लागले की शेजारच्या अंगणातलं कुत्रं उठून दुसऱ्या अंगणात जायचं. त्यांचा छंद व्हायोलिनच्या कागदांचा. वाजवणाऱ्यांची नावं छापलेली हँडबिलं, लग्नपत्रिका, जुने फोटो, तारांची रिकामी पाकिटं, गजाला घासायच्या राळेच्या डब्यांवरची लेबलं, व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्यांच्या पावत्या. ज्यावर व्हायोलिन हा शब्द आहे किंवा व्हायोलिनचं चित्र आहे, ते सगळं किट्टण्णांचं. व्हायोलिनच्या चित्राची आगपेटी होती एक त्यांच्याकडे. तिच्यातल्या काड्या तेवढ्या शारदक्कानं चुलीला वापरून टाकल्या होत्या. त्यावरून आठवडाभर घरात बोलणं बंद.

शारदक्का म्हणजे त्यांची बायको. तिला मी अक्का म्हणते. सहा-सात वर्षांनी मोठी आहे माझ्याहून. किट्टण्णा जेवढे बोलघेवडे, तेवढी ती कमी बोलायची. पण जे बोलायची ते कात्रीनं कापल्यासारखं. आमचं चिकपेटला साड्यांचं दुकान, तेव्हा साड्यांचे रिकामे खोके किट्टण्णांना मीच पुरवायची. त्यात ते कागद भरून, वर्षांच्या चिठ्ठ्या लावून, भिंतीला थप्पी करत. शारदक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्याकडे साड्या अकरा आणि साड्यांचे खोके दोनशे. ज्याला वाटतं मी श्रीमंत आहे, त्यानं खोके मोजावेत."

हा छंद नुसता गोळा करण्यावर थांबला असता तर बरं होतं. पण किट्टण्णांना न्यायही करायचा असे. हँडबिलावर गायकाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत व्हायोलिन अमके, मृदंग तमके. किट्टण्णा खिशात पट्टी बाळगत. गायकाचं नाव अर्धा इंच, व्हायोलिनवाल्याचं सूतभर. एका वर्षी ती पट्टी घेऊन थेट मंडपाच्या सेक्रेटरीकडे गेले.

"गाणाऱ्याच्या मागे दोन तास सावलीसारखा वाजवतो तो माणूस. आणि त्याचं नाव वाचायला भिंग लागतं?"

सेक्रेटरी बिचारा केळीचे खांब बांधून घेत होता. "सार, कागदावर जागा स्वल्प कमी पडली."

"मग गायकाच्या नावाचं पोट स्वल्प आत घ्यायचं होतं!"

दुसऱ्या वर्षीच्या हँडबिलावर व्हायोलिनवाल्याचं नाव तेवढंच राहिलं. गायकाचं मात्र आणखी फुगलं होतं.

कारागिरांच्या बाबतीत तर विचारूच नका. व्हायोलिनच्या पोटात, त्या वळणदार फटींतून आत पाहिलं की करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली दिसते. ही गोष्ट मला किट्टण्णांमुळे कळली, आणि कळली नसती तरी माझं काही अडलं नसतं. ती चिठ्ठी वाचायला त्यांनी एक बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरकडचा तो काडीवरचा छोटा आरसा मिळवला होता. कुणाकडे व्हायोलिन आहे असं कळलं की निघालेच. पलीकडच्या ब्लॉकात एका म्हाताऱ्या सद्गृहस्थांकडे आजोबांपासूनचं व्हायोलिन होतं. तीनशे वर्षांपूर्वीचं, इटलीच्या जगप्रसिद्ध कारागिराच्या हातचं, असं ते सगळ्यांना सांगत. रेशमी रुमालात गुंडाळून देवघरात ठेवलेलं. मी हळदीकुंकवाला गेले होते, म्हणून पाहिलं. किट्टण्णा जमिनीवर पालथे पडून आरशातून आत बघतायत, घरातली माणसं हात जोडून उभी.

"नाव आहे का?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"आहे. त्याचंच आहे."

घरात आनंदीआनंद. सुनेनं कॉफी टाकली.

"त्याच्याखाली आणखी एक ओळ आहे," किट्टण्णा म्हणाले. "मेड इन जर्मनी."

कॉफी काही आली नाही. ते म्हातारे पुढे किट्टण्णा दिसले की रस्ता ओलांडून जात. मी किट्टण्णांना म्हटलं, "कशाला सांगितलंत? देवघरात होतं, देवघरात राहिलं असतं." तर म्हणाले, "इंदक्का, कागद म्हणतो ते म्हणायचं. आपल्या मनचं म्हणायचं नाही."

उलट, चिकपेटच्या एका बोळात एक सुतार होता, तो फणसाच्या लाकडाची व्हायोलिनं करायचा. त्याचं कार्ड किट्टण्णांनी फ्रेम करून लावलं होतं. त्यावर छापलं होतं, 'येथे व्हायोलिन, वीणा, तंबोरे व कॅरमबोर्ड दुरुस्त करून मिळतील.' किट्टण्णा म्हणायचे, हा खरा कारागीर. कॅरमबोर्ड लपवला नाही बघा त्यानं.

पण त्यांचा खरा मोसम दसऱ्याचा. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, गोंबे म्हणतो आम्ही. वर्षभर त्या ट्रंकेत, जुन्या कागदांत गुंडाळून असतात. आणि बायका तो कागद कधी बदलत नाहीत. सासूनं ज्या कागदात राजा गुंडाळला, त्याच कागदात सूनही राजा गुंडाळते, कारण घड्या बसलेल्या असतात. तर नवरात्राच्या आदल्या दिवशी किट्टण्णा दारोदार हजर. "अक्का, मी गोंबे सोडवून देऊ का?" नव्यानं राहायला आलेल्या बायकांना केवढं कौतुक! बघा, एवढे वयस्कर, पण घरकामाला कमीपणा मानत नाहीत. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात यायचं की या माणसानं रामाला, सीतेला, म्हैसूरच्या राजाला, सगळ्यांना उघडंबोडकं करून कोपऱ्यात उभं केलंय आणि स्वतः चष्मा लावून कागद वाचत बसलाय. आवडला एखादा, तर त्याच्या बदल्यात कोरं वर्तमानपत्र द्यायचे, घडी घालून. व्यवहाराला चोख होते.

मला वाटायचं, वेड आहे, दुसरं काय! पेन्शनीत निघालेल्या माणसाला काहीतरी लागतंच. माझ्या दिरांनी नाही का, सगळ्या बस नंबरांची वही केली होती.

मग त्यांची सत्तरी आली. मुलानं, सीनूनं, भीमरथी शांत करायची ठरवली. तो छापखान्यातून पत्रिकेचा नमुना घेऊन आला तेव्हा मी तिथंच होते, शारदक्काबरोबर शेवया वळत. किट्टण्णांनी नमुना वाचला, पट्टी काढून आपलं नाव मोजलं, बायकोचं मोजलं. दोन्ही सारखी निघाली. मग म्हणाले, "इथं शारदाच्या नावाखाली एक ओळ घालायची. रामनवमीच्या मंडपात व्हायोलिन वाजवलेल्या, अशी."

सीनू हसायलाच लागला. "अम्मा? व्हायोलिन? अप्पा, काय तरीच!"

मीही शारदक्काकडे बघितलं. चाळीस वर्षांची शेजारीण माझी. तिच्या हातचं सगळं मला ठाऊक, पण हे नव्हतं ठाऊक. ती शेवया वळत राहिली. मान वर नाही.

"घालूया की," सीनू म्हणाला. "त्यात काय? एक ओळ तर आहे."

आणि इथं किट्टण्णा अडले. नमुना घडी करून परत दिला. "नको. राहू दे. कागद नाही माझ्याकडे. मिळाला तर सांगतो. छापायला अजून दीड महिना आहे ना?"

नंतर मी शेवया घेऊन निघाले, तर फाटकाशी त्यांनी मला थांबवलं. एरवी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज खाली.

"इंदक्का, ती वाजवायची हो. लग्नाआधी. चिकपेटच्या मंडपात, आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, मी रामनवमीला मंडपात वाजवलंय. एवढंच एक वाक्य. तेवढ्यात आई आतून आली आणि म्हणाली, या घरात सुनांनी तारा खरवडायच्या नाहीत. व्हायोलिन माहेरीच राहिलं. मग तिच्या भावानं कुणाला देऊन टाकलं."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही काय म्हणालात?"

किट्टण्णा फाटकाची कडी वरखाली करत राहिले. "मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो," म्हणाले. जसं काही चोविसाव्या वर्षी माणसाला जीभच नसते.

तर हे दोनशे खोके असे सुरू झाले होते. त्यांना एक हँडबिल हवं होतं. त्या वर्षाचं, त्या मंडपाचं, शारदाचं नाव छापलेलं. ते शोधता शोधता बाकीच्या जगाची व्हायोलिनं घरात आली आणि मुक्कामाला राहिली. आता पत्रिका छापायला दीड महिना, मध्ये एक नवरात्र. आणि स्वतःच घातलेला नियम, कागद नाही तर ओळ नाही. दुसऱ्याच्या देवघरातलं व्हायोलिन ज्यानं जर्मनीला पोचवलं, तो स्वतःच्या बायकोला सवलत कशी देणार? मला इतका राग आला आणि इतकी कीव आली की काय आधी करावं ते कळेना. शेवटी मी घरी जाऊन शेवया वाळत घातल्या.

घालता घालता आठवलं. माझ्या सासूबाईंची एक ट्रंक होती. आमचं जुनं घर चिकपेटला दुकानाच्याच वर. सासूबाई गेल्यावर मी राजाजीनगरला नवे गोंबे केले, हलके, रंग ताजे. जुने मातीचे, एकेक दोन-दोन शेर वजनाचे, ते तिथंच माळ्यावर राहिले होते. त्या मंडपापासून दहा पावलांवर! सासूबाई रोज मंडपात जात आणि कोसंबरीचा कागदसुद्धा पुसून घरी आणत. चांगला कागद टाकायचा नाही, हा त्यांचा धर्म होता. आमच्या यजमानांना सांगून मी ट्रंक आणवली. दोन हमाल, एक रिक्षा, आणि रिक्षावाल्याची वाटभर कटकट.

नवरात्राच्या आदल्या दिवशी सकाळी दोघांनाही बोलावलं. शारदक्काला मी खुर्ची दिली. गुडघ्यांमुळे चार वर्षं ती जमिनीवर बसली नव्हती, देवळातसुद्धा उभ्यानं नमस्कार करायची. किट्टण्णा ट्रंकेसमोर मांडी घालून बसले, जसे भटजी होमाला बसतात. मी म्हटलं, "बघा हो, डोकी मोडू नका, सासूबाई वरून बघतायत."

एकेक गोंबे निघायला लागला. दशरथ निघाला, कापडाच्या जाहिरातीत. मारुती निघाला, कन्नड वर्तमानपत्रात. कृष्णाला कुणाच्या तरी बारशाची पत्रिका. किट्टण्णा प्रत्येक कागद मांडीवर सपाट करत, वाचत, बाजूला ठेवत. शारदक्का खुर्चीवरून नुसती बघत होती. मी कॉफी आणली ती तशीच गार झाली.

तळाशी शेट्टी आणि शेट्टम्मा होते. दुकान मांडून बसलेला वाणी आणि त्याची लठ्ठ बायको, प्रत्येकाच्या गोंब्यांत असतेच ही जोडी. शेट्टी साध्या खाकी कागदात होता. शेट्टम्माच्या पोटाभोवती गुलाबी कागद.

तो कागद उलगडला आणि किट्टण्णांचे हात थांबले. मी लांबून पाहिलं. वर रामाचं चित्र, खाली नऊ दिवसांचे नऊ चौकोन. तेच वर्ष. तोच मंडप. एका कोपऱ्यावर तेलाचा डाग होता, सासूबाईंच्या कोसंबरीचा. म्हटलं, मिळालं एकदाचं!

किट्टण्णा वाचायला लागले. बोट पहिल्या चौकोनावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. नवव्यापर्यंत गेलं. मग पुन्हा पहिल्यापासून. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला. तिसऱ्यांदा वाचलं. मी हळूच मागे जाऊन त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. नऊ दिवस, नऊ गाणारे, नऊ व्हायोलिनवाले. मुंगीएवढी अक्षरं, पण वाचता येत होती. शारदाचं नाव कुठंच नव्हतं.

"काय निघालं?" शारदक्कानं विचारलं.

किट्टण्णांनी तो कागद चारदा दुमडला आणि मांडीखाली सारला. "काही नाही. कापडाची जाहिरात," म्हणाले.

मी त्या माणसाला चाळीस वर्षं ओळखत होते. त्याला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि इतकं वाईट खोटं! कान लाल झालेले, हात शेट्टम्माच्या डोक्यावर, जणू तिचीच समजूत घालतायत.

"गुलाबी जाहिरात?" शारदक्का म्हणाली. "रामनवमीचा आहे तो. इकडे द्या."

"अगं, जुना आहे, फाटेल..."

"मीही जुनी आहे. द्या."

त्यांनी मांडीखालून काढून दिला. मला वाटलं, आता मी स्वयंपाकघरात जावं. पण पाय हलेनात. खरं सांगू, हलवायचेही नव्हते. शारदक्कानं कागद उलगडला, डोळ्यांपासून लांब धरला आणि हसली. खळखळून नाही, नाकातल्या नाकात.

"हा बघा की चौथा दिवस. व्हायोलिन, नंजुंडय्या मास्तर. माझे गुरू."

"हो, पण..." किट्टण्णा म्हणाले. "तू तर म्हणाली होतीस, तू वाजवलंस."

"वाजवलंच. दुपारी मास्तरांना ताप भरला. अंगावर कांबळं घालूनही थडथड उडत होते. गायक येऊन बसलेले, मंडप भरलेला. मास्तरीणबाई आमच्या दारात आल्या आणि माझ्या अप्पांना म्हणाल्या, शारदाला पाठवा. आईची हिरवी साडी नेसून गेले मी. पिन लावायलाही वेळ नव्हता."

"मग नाव का नाही छापलं?"

"अहो, कागद महिनाभर आधी छापतात! ताप काय आधी कळवून येतो?"

मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. किट्टण्णा मात्र तिच्याकडे असे बघत होते, जसं काही रेकॉर्ड रूमच्या भिंतीनं अचानक तोंड उघडलंय.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?"

ते शेट्टीचा खाकी कागद मांडीवर सपाट करायला लागले.

"पंचेचाळीस वर्षं झाली," शारदक्का म्हणाली. रागानं नाही हं. तांदळातला खडा काढून बाजूला ठेवावा तशी. "सगळ्या बेंगळूरच्या ट्रंका उघडल्यात. सेक्रेटऱ्यांना विचारलंत, सुतारांना विचारलंत, त्या आगपेटीवाल्या कंपनीला पत्र घातलंत. मी इथंच होते. सकाळ-संध्याकाळ तुम्हाला वाढत होते."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला. किट्टण्णांनी कागदाकडे पाहिलं, मग उघड्या ट्रंकेकडे, मग पसरलेल्या त्या सगळ्या मातीच्या राजेरजवाड्यांकडे. कुणीच त्यांच्या मदतीला आलं नाही.

"मी सीनूला सांगतो," ते शेवटी म्हणाले. "ओळ घालू पत्रिकेत. कागद नसला तर नसला. कुणी विचारलं तर मी बघून घेईन."

माझ्या दृष्टीनं ही क्रांतीच होती. मी टाळ्याच वाजवणार होते. पण शारदक्कानं हात हलवला.

"ते घाला नाहीतर राहू द्या. आधी मी काय वाजवलं ते तरी विचारा."

किट्टण्णांनी खिशातलं पेन काढलं, झाकण काढलं, लिहायला काही कोरं मिळतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"लिहू नका हो," ती म्हणाली. "विचारा."

त्यांनी पेनाचं झाकण लावलं. पेन कुठं ठेवावं ते कळेना, म्हणून ट्रंकेत ठेवून दिलं.

"काय वाजवलंस?" त्यांनी विचारलं.

शारदक्का खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठली. मला वाटलं, चालली घरी. तर ती हळूहळू, एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्याला, अशी खाली यायला लागली. "अक्का, गुडघे!" मी म्हटलं. "सुम्ने राहा गं, गप," ती म्हणाली. खाली बसली. डावी मांडी घातली, उजवा पाय पुढे सरकवला, घोटा जरा बाहेर वळवला. आमच्याकडे व्हायोलिनवाले असेच बसतात, वाद्याचं डोकं त्या घोट्यावर टेकवून. मी शंभर मंडपांत पाहिलं होतं, पण तिला तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"पहिलं वर्णम्, सुरुवातीला वाजवतात ते," ती म्हणाली. "मोहन रागातलं. भीतीनं दुप्पट लयीत गेलं. गायक वळून बघायला लागले." आणि नाकातल्या नाकात गुणगुणत तिनं डावा हात छातीसमोर धरला. चार बोटं चालायला लागली. शेवया वळणारी, जाडसर झालेली, सांधे सुजलेली बोटं, पण पावलं कुठं टाकायची ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. उजवा हात येत होता, जात होता. मध्येच एकदा अडली, "नाही, असं नव्हतं," म्हणाली, मागे जाऊन पुन्हा घेतलं.

किट्टण्णा, ज्यांना कान नाही, ते गुडघ्यांवर पुढे सरकले. तिच्या बोटांच्या इतके जवळ आले की चष्मा लागेल की काय असं वाटलं. "मग?" ते म्हणाले. "मग पुढे?"

ती पुढे वाजवायला लागली. अक्काला बसायला जागा करताना उचललेली शेट्टम्मा माझ्या हातात होती, दोन शेर वजनाची. दंड भरून आला होता. पण मी तशीच उभी राहिले. फरशीवर ठेवली असती तर आवाज झाला असता.